गरीब स्वभावाचा अजगर

चावत नाही म्हणे! अहो, चावत नाही म्हणे! ज्याला तोंड आहे तो चावत नाही, हे मला सांगतायत, मला, एकाहत्तर वर्षांच्या बाईला!... तुम्ही बसा हो, त्या बाकावर टेका जरा, रस्सा उकळायला वेळ आहे अजून, तोवर ऐका आणि तुम्हीच सांगा माझं काय चुकलं ते.

तुम्हाला सांगते, आजवर ज्याच्या ज्याच्याबद्दल मला "चावत नाही" म्हणून सांगितलं ना, तो तो चावला. शेजारच्या आब्लावाचं कुत्रं! "चावत नाही गं, नुसतं हुंगतं." पोटरीवर व्रण आहे अजून, दाखवू? नको? बरं. माझी सासू! माझं लग्न जमवणारी मावशी म्हणाली होती, "तोंडानं फटकळ आहे, पण चावायची नाही हो." तीस वर्षं! तीस वर्षं कुरतडलं बाईनं मला! आणि काम काय द्यायची? तर मिरची कांडायचं. घरात चार सुना, पण मिरची कांडायची कुणी? "दोसी कांडेल. दोसीला फार आवड आहे मिरची कांडायची." आणि वर असं बघायची... जाऊ दे. सासूचं नंतर. आधी अजगराचं.

तर माझी नात, सेनामी. कोटोनू शहरात शिकते, शनिवार-रविवार घरी येते. एकदा आली तर अंगणात अजगर. आता आपल्या विदा गावात अंगणात अजगर म्हणजे काय नवल? देवाचेच ते, अजगरांच्या देवळातून फिरायला निघतात, कुणाच्या माजघरात शिरतात, घरच्यांनी म्हणायचं "या आजोबा, बरे आहात ना," आणि अलगद उचलून देवळात नेऊन सोडायचं. सोडला. आठवड्यानं पुन्हा हजर. पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा आला तो थेट माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर! माझ्या! घरात अकरा माणसं, सात दारं, आणि हा माझ्याच दाराशी डोकं वर करून बसलेला.

देवळातले पुजारी, दा लोकोसू, आले. आमच्या ह्यांचे बालमित्र, त्यामुळे मला वहिनी म्हणतात. म्हणाले, "वहिनी, तीनदा आला म्हणजे याचं मन इथंच लागलंय. ठेवून घ्या आता घरात."

झालं! सेनामी नाचायलाच लागली. "आजी, ठेवूया ना गं! बाहेरच्या देशात लोक काचेच्या पेटीत पाळतात, जिवापाड सांभाळतात. आपल्याकडे तर चालत आलाय!"

मी म्हटलं, चालत? त्याला पाय आहेत का?

आणि सून, फिफामे, तिनंही तीच री ओढली! "अहो आई, गरीब स्वभावाचा असतो तो. घाबरला की चेंडूसारखा गोळा होतो, तोंड आत लपवतो. चावत नाही."

चावत नाही म्हणे!

आता मला सांगा, मी नाही म्हणू शकत होते का? आमच्या घरची रीत अशी की घरात कुठलाही जीव राहायला आला, बकरी असो, सून असो, त्याला आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर ठेवायचं. सुनेनं मांडीवर डोकं टेकवायचं, बकरीला आपलं धरून बसवायचं. ती म्हातारी म्हणजे मी! मांडीवर घेणार नाही म्हटलं तर सगळे विचारणार, का? अजगराला नाही म्हणता? का? काय केलंय तुम्ही त्याचं?

कारण गावात काय म्हणतात ठाऊक आहे ना? अजगर उगाच कुणाला चावत नाही. ज्याच्या पोटात पाप, त्यालाच चावतो.

आणि माझ्या पोटात... थांबा, इकडे सरका जरा. आता तर गावभर झालंय, तुमच्यापासून काय लपवायचं?

मी तळ्यावरची. आमची घरं पाण्यात खांबांवर. आमच्याकडे लांबट, वळवळणारं काहीही दिसलं की ती वाम. वाम दिसली की ठेचायची, ठेचली की कालवण. लहानपणापासून हात तसाच वळलेला! लग्न होऊन आठ दिवस झालेले, सासूबाई विहिरीवर, आणि पाण्याच्या रांजणाशी ओल्यात बघते तर काय, हातभर लांब, जाड, तुकतुकीत! वाटलं, अगंबाई, वाम! आज सासूला कालवण करून घालते, मग बघते कशी नावं ठेवते! घेतला पेजेचा चाटू आणि दिला ठेवून एक! डोक्यावर मारला, शेपटीवर बसला. तो वळला, माझ्याकडे बघितलं, हो, बघितलं! आणि सुळकन कुडाखालून गेला. तेव्हा अंगावरची नक्षी दिसली. तेव्हा कळलं.

सासूबाई आल्या. "कसला आवाज झाला गं?"

"मिरची कांडत होते, आई."

दुसऱ्या दिवशी गावात बोंब. देवळातल्या एका अजगराची शेपटी वाकडी! कुणी मारलं? ज्या हातानं मारलं तो हात झडो! मी हात लुगड्यात लपवून उभी. एकावन्न वर्षं झाली हो. कुणाला म्हणून सांगितलं नाही. ह्यांनासुद्धा नाही. हे गेले, तरी नाही.

आणि आता हा उंबऱ्यावर बसलेला... बघते तर शेपटी वाकडी!

सांगा आता! घाम फुटेल की नाही? मी दा लोकोसूंना आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं, "भावजी, हे अजगर जगतात किती?"

"तीस वर्षं. चाळीस. माझ्या वडिलांच्या हाताखालचा एक पन्नाशी ओलांडून गेला."

पन्नाशी ओलांडून! मेले! एकावन्न वर्षांत हातभरचा दीड हातच कसा झाला म्हणता? माझ्यावरच्या रागानं अन्न गोड लागलं नसेल! सूड घ्यायला आलेला माणूस जाड होतो का कधी?

म्हटलं, नीट चौकशी करावी. "भावजी, खरंच चावत नाही ना?"

"छे हो वहिनी! अगदी शांत. आता कात टाकायला आला की डोळे दुधाळ होतात, नीट दिसत नाही, तेव्हा जरा चिडचिडा असतो. तेवढं जपायचं."

"बरं. एरवी नाही ना?"

"एरवी नाही. भूक लागली असेल तर गोष्ट वेगळी. आणि जेवल्यावर दोन दिवस उचलायचा नाही. आणि वरून एकदम झडप घालायची नाही, त्याला घार वाटते. लहान असतात ते जरा जास्त भित्रे, म्हणून जास्त चावतात. पण ते काय चावणं? ओरखडा!"

उपाशी असला तर चावतो, जेवला तर चावतो, दिसलं नाही तर चावतो, दिसलं तर घार समजून चावतो. मग चावत नाही तो कधी? मेल्यावर?

"आणि चावलाच तर?" मी म्हटलं.

"तर हात ओढायचा नाही. दात आत वळलेले असतात, ओढलं तर फाटतं. शांत उभं राहायचं, थोडं पाणी ओतायचं. त्याच्या मनात आलं की सोडतो."

त्याच्या मनात आलं की! म्हणजे हा माझ्या हाताला लटकलेला आणि मी आपली उभी, आज ऊन फार पडलंय नाही, असं बोलत?

"विष नसतं हो वहिनी."

विष माझ्या सासूलाही नव्हतं!

आणि जाता जाता म्हणतात, "हां, एक राहिलंच. हाताला उंदराचा वास नसला म्हणजे झालं. उंदराचा वास आला की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. स्वभाव गरीब, पण भूक ती भूक."

ऐकलंत? उंदराचा वास नसला म्हणजे झालं! आणि माझा धंदा काय? ही टपरी कसली? समोर सळईवर काय लटकतंय? उसातले मोठाले उंदीर! चाळीस वर्षं सोलतेय, भाजतेय, धुरावतेय. माझ्या हातांना कसला वास येणार, अत्तराचा? अख्ख्या विदा गावात तो गरीब स्वभावाचा अजगर ज्या एकाच माणसाला हमखास चावणार, ते माणूस मी! आणि चावला की लोक म्हणणार का, की वासामुळे चावला? छे! म्हणणार, दोसीच्या पोटात पाप आहे. आणि खोटंही नाही, हीच तर पंचाईत! मग पाप असलेल्या बाईच्या हातचा रस्सा कोण खाईल? चाळीस वर्षांची टपरी आणि एकावन्न वर्षांचं नाव, एका चाव्यात गेलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात ना, तसलं. इथं तर पळतही नव्हतं, उंबऱ्यावर बसून होतं.

रविवार ठरला. आठवडाभर मी हात धुतेय. साबणानं धुतले, लिंबानं धुतले, राखेनं घासले. शेवटी ताडाच्या कडक दारूत बुडवून ठेवले दोन्ही. हुंगून बघितलं तर आधी उंदराचा वास यायचा, आता झिंगलेल्या उंदराचा!

सून म्हणते, "आई, किती उत्साह हो तुम्हाला! त्याच्यासाठी एवढी तयारी!"

रविवारी चर्च सुटलं आणि सगळा शेजार तसाच, ठेवणीतल्या कपड्यांत, आमच्या अंगणात. आब्लावा तर पुढच्या रांगेत, चष्मा पुसून बसलेली. मला मधे स्टुलावर बसवलं. दा लोकोसूंनी त्याला दोन्ही हातांनी खालून उचललं, पुटपुटत आणलं आणि ठेवलं माझ्या मांडीवर. गार! जड! मी श्वास रोखला. हात पाठीमागे लपवलेले.

"वहिनी, हात पुढे घ्या. आधार द्या त्याला."

घेतले पुढे. काय करणार?

आणि तो उठला ना! मान उचलली, जीभ बाहेर, आत, बाहेर, आत, आणि माझ्या बोटांकडे निघाला. आधी करंगळी हुंगली. मग अंगठा. मग मान अशी मागे घेतली, वाकडी, चाटू उगारतात ना, अगदी तशी! आणि माझ्याकडे बघितलं. तीच नजर हो! एकावन्न वर्षांपूर्वीची!

"मी मारलं!" ओरडलेच मी. "मीच मारलं रे बाबा! चाटूनं मारलं! वाम वाटली मला! मिरची नव्हते कांडत, खोटं बोलले, शेपटी मीच वाकडी केली, पण इथं चारचौघांत चावू नकोस, पाया पडते!"

मागची माणसं टाचा उंचावून बघायला लागली.

आणि तो? माझ्या ओरडण्यानं घाबरला, तोंड आत घातलं आणि मांडीवर गोळा होऊन बसला. चुंबळीसारखा गोल. शांत!

दा लोकोसू हळूच म्हणाले, "वहिनी... हा गेल्याच्या आदल्या वर्षी अंड्यातून निघाला. शेपटी जन्मापासून अशीच आहे."

दोन वर्षांचं पोर! दोन वर्षांच्या पोरासमोर मी एकावन्न वर्षांचं ओकले!

सेनामी तोंडावर हात धरून हसतेय, सून आ वासून, आणि आब्लावा उठली. म्हटलं, आता ही कुत्र्यासारखी पोटरी धरणार. तर ती चष्मा काढून म्हणते, "दोसी, तुझ्या सासूला ठाऊक होतं गं. आपल्या शेवटच्या आजारात माझ्या आईला सांगितलं होतं तिनं. म्हणाली, नवी सून म्हणते मिरची कांडली, पण मला एक शिंक आली नाही. आणि दुसऱ्या दिवशी शेपटीची बोंब झाली. कुणाला बोलू नकोस, पोर तळ्यावरची आहे, तिला काय कळतंय, असंही म्हणाली."

तीस वर्षं "दोसीला मिरची कांडायची फार आवड" म्हणून कुरतडत होती ती ह्यासाठी! सगळं तोंडात धरून बसली होती बाई. एक शब्द बाहेर टाकला असता, तर गावानं मला तळ्यावर परत धाडलं असतं. नुसती दात दाखवत राहिली... चावली नाही हो. चावली नाही.

...रस्सा उतू जातोय का? बघा जरा. डोळ्यांत धूर गेला माझ्या.

मग काय, दा लोकोसूंनी निकाल दिला. जुना होता तो केव्हाच गेला, त्याची माफी ह्याची सेवा करून मागायची. सात बाजार याला माझ्या टपरीवर, टोपलीत, माझ्या पायाशी ठेवायचा, पाणी मी द्यायचं, टोपलीत मीच ठेवायचा, मीच काढायचा. सात बाजार कधीच झाले. सेनामी कोटोनूला गेली परत, पाळते म्हणणारी! आणि हा इथंच. ही काय टोपली. तुमच्या बाकाखाली. अहो बसा, बसा, उठताय कुठं? चावत नाही!

गिऱ्हाईकं कमी होतील म्हणत होते, तर लांबून लांबून लोक बघायला येतात. मी आले की हा टोपलीतून डोकं काढतो, जीभ लपलप करत माझ्या हाताकडे झेपावतो, आणि लोक हात जोडतात. "काय माया आहे बघा! म्हातारीवाचून राहवत नाही बिचाऱ्याला!"

माया कसली हो, वास आहे तो, वास! मी अजून त्याच्यावर डोळा ठेवून असते, कात टाकायला आला की चार हात लांब, दर बाजारी हात तीनदा धुते. तरी रोज माझ्याकडेच बघत असतो.

पण आता काय म्हणायचं, सांगा? हे गेल्यापासून अकरा माणसांच्या त्या घरात मी आले काय नि गेले काय, कुणी मान वर करून बघत नव्हतं. उंदीर समजून का होईना... माझी वाट बघणारं कुणीतरी आहे.