चेहरा ओळखणारा नळ

उद्या-परवाच्या भविष्याची भीती घालावी तर आमच्या केतकरबाईंनीच! कोथरूडला आमच्याच सोसायटीत राहतात, शाळेतून रिटायर झाल्यात आणि कथा लिहितात. त्यांना ना रोबो लागत, ना अणुयुद्ध. परवाची कथा तर त्यांनी सोसायटीच्या नोटिशीनंच सुरू केली होती : "सोमवारपासून नळ चेहरा ओळखूनच पाणी देईल. सभासदांनी फोटो जमा करावेत व फोटोत दिसतात तसेच दिसत राहावे."

बाई झेरॉक्स काढून येताना ते पहिलं पान लिफ्टपाशी पडलं; त्यावर एवढंच लिहिलेलं होतं. वॉचमनला वाटलं, नोटीसच आहे. त्यानं ती बोर्डावर लावून टाकली.

संध्याकाळी आमचे सेक्रेटरी मोहिते तो कागद घेऊन बाईंच्या दारात हजर. मी मोहित्यांनाच गाठायला निघालो होतो, म्हणून मागेच उभा राहिलो.

"बाई, हे अक्षर तुमचंच ना? दुपारपासून माझ्याकडे रांग लागलीय!"

"अगंबाई! लोक चिडलेत का हो?"

"चिडतायत कसले! एक विचारतो, चष्म्यासकट फोटो चालेल का. दुसरा म्हणतो, भाडेकरूंचा नळ वेगळा ठेवा."

"आणि 'हे कशासाठी?' असं कोणी विचारलं?"

मोहिते विचारात पडले. "नाही. कोणीच नाही."

बाईंचा चेहरा उतरला. "अहो, कथेत मी दोघांना विरोध करायला लावलाय. ते आता खोटं वाटेल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही तरी विचारलं असतंत ना?"

माझ्या खिशात दोन फोटो होते. एक चष्म्यासकट, एक चष्म्याशिवाय.