रतीभर वायूचा निरोप

वॉर्डाचे अध्यक्ष माननीय ऊजूसाहेब, व्यासपीठावरचे आमचे इमामसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आज आपण जमलो त्या डॉक्टर नेंदेनबाई, आणि समोर बसून मनातल्या मनात वेळ मोजणाऱ्या बंधुभगिनींनो, अस्सलामु अलैकुम.

तीन वर्षांपूर्वी बाई बांडुंगच्या आमच्या या गल्लीत आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर काय आलं? चाळीस मापाचे पेले, चाळीस वह्या आणि भिंतीवर लावायचं मूत्राशयाचं एक चित्र. किंमत फुकट. त्यामुळे ज्यांना काही होत नव्हतं त्यांनीही दोन-दोन पेले नेले. कधी लघवी झाली, किती झाली, हे पेल्यानं मोजून वहीत लिहायचं होतं. परत आल्या सहा वह्या. बाकीच्या पेल्यांनी तांदूळ मोजले जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझी वही मात्र भरून आली. लपवायचं काय? रमजानात रात्रीच्या लांबलचक तरावीहच्या नमाजेला आठव्या रकातीच्या आवर्तनापुढे मी रांगेत टिकत नाही, हे सगळ्या बायकांना ठाऊक आहे. घरी धावायचं, हातपाय धुऊन पुन्हा वजू करून यायचं, तोवर इमामसाहेब शेवटच्या दुवेवर. चार रमजान असेच गेले.

बाईंनी याच सभागृहात समजावून सांगितलं होतं. त्यांच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत उंदराच्या मूत्राशयाची पट्टी कोमट पाण्यात दोऱ्यानं टांगलेली असते. आवळलेल्या पट्टीला रतीभर वायू दिला की ती सैल पडते. असे दोन-तीन वायू आपलं शरीर स्वतःच बनवतं. एक गाडीच्या धुरातला, एक कुजक्या अंड्याच्या वासाचा. वायू दार न ठोठावता स्नायूत शिरतो, 'सैल सोड' एवढा निरोप देतो आणि विरून जातो. मूत्राशयाला ऐसपैस जागा होते, घाई थांबते. आपल्याला निरोप द्यायला मात्र सात वक्ते लागतात. असो.

पण सभेनं ऐकलं काय? फक्त कुजकं अंडं. आता जेंगकोलच्या शेंगेतले दाणे खाल्ल्यावर न्हाणीघरापासून ओसरीपर्यंत कसला वास सुटतो, हे मी बांडुंगच्या माणसांना सांगायला नको. अध्यक्षसाहेबांनी तिथल्या तिथे शोध लावला, की विद्यापीठ जे उंदराला देतं ते आपल्या आजीबाईंच्या परसात लोंबकळतं आहे. आठवडाभर गल्लीत दुसरी भाजी शिजली नाही.

चौथ्या दिवशी आमच्या घरधन्यांची, ओमानरावांची, लघवी बंद झाली. थेंब नाही. पोट धरून दुहेरी झालेले. आरोग्यकेंद्रात बाई धावत आल्या, तर हे म्हणतात, "औषध लागू पडलं, बाई. जरा जास्तच सैल पडलंय."

"काका, जेंगकोल किती खाल्ले?"

"चाखले दोन-चार."

"पस्तीस," मी म्हटलं. "मी मोजलेत."

बाईंनी आधी नळी घातली, मग बोलल्या. "काका, त्या वायूला वास आहे, म्हणून वास येईल ते सगळं औषध नव्हे. तुमच्या लघवीच्या वाटेत त्या दाण्यांचे काटेरी खडे झालेत." अध्यक्षसाहेब भेटायला आले ते दारातूनच म्हणाले, की आपण तर पहिल्यापासून साशंक होतो.

बाई आता मकास्सरला चालल्या. मी त्यांना एकदा विचारलं होतं, हा वायू माणसाला कधी मिळणार? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, अजून उंदराच्या पट्टीपलीकडे गेलो नाही. वेळ लागेल." या सभागृहात मला मिळालेलं तेवढंच सरळ उत्तर.

आयोजकांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर लहान तोंड समजून पोटात घाला. आणि बाई, रमजानला अडीच महिने उरलेत. तोवर काही निघेल का, ते उलट टपाली कळवा. 'नाही' असलं तरी कळवा. म्हणजे मी रांगेच्या टोकाला, दाराशी चपलांच्या शेजारची जागा धरीन. पण कितीदा उठावं लागलं तरी या वर्षी नमाज पुरी करीन.