खिळ्यांचे बूट

रत्नागिरी बंदरात मुंबईची बोट दूर पाण्यात थांबली होती. तिच्यापर्यंत नेणाऱ्या पडावाच्या रांगेत माझ्यापुढे दोघे भाऊ होते; धाकटा ट्रंक घेऊन निघालेला, थोरला त्याला पोचवायला आलेला. थोरला धाकट्याला समजावत होता.

"अरे जनू, कॉलेजातली अकरा वर्षांची क्रीडाप्रमुखाची जागा एका ओळीने वाचेल! पत्रात लिही की, गंगारामाने ते बूट स्वतःच्या हट्टाने घातले."

"अण्णा, मी घालायला लावले."

"ते प्रिन्सिपॉलना ठाऊक आहे. म्हणून तर असं पत्र लिहून सुटायची वाट दाखवतायत!"

"पावसच्या कातळावर जन्मभर अनवाणी धावलेला मुलगा तो. ऐन शर्यतीच्या सकाळी मी त्याला खिळ्यांचे बूट दिले. वाटलं, अनवाणी पाहून मुंबईकर हसतील."

"हसले असते मेले! पाय तर मोडला नसता."

"तेच म्हणतोय मी."

"मला काय म्हणतोस? बायकोला सांग, मालतीला, जूनपासून खायचं काय ते!"

"पत्र मी लिहिणार नाही."

"मोठा हरिश्चंद्र! अरे, तो पोरगा आता पुन्हा धावणार नाही. दोष त्याच्या माथी गेला, तर त्याचं आणखी काय बिघडणार आहे?"

जनूने ट्रंक उचलली आणि मागे न पाहता तो पडावाकडे चालू लागला.