काठाखालच्या दोन ओळी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक प्रश्न विचारतो. मारलेलं लेकरू विसरतं. शिव्या दिल्या तरी विसरतं, जेवायच्या वेळेला पाटावर येऊन बसतं. पण त्यानं जीव ओतून केलेलं काम बापानं त्याच्या डोळ्यांदेखत मोडलं, तर? ते विसरतं का हो? — इतक्यात मान हलवू नका. आधी ऐका.

हा माझ्यासमोर तांब्याचा कळश आहे ना, त्याचंच आख्यान आहे. कुठल्या पोथीत सापडायचं नाही.

प्रभाकर वडके नावाचे एक तांबट. सगळी आळी त्यांना आप्पा म्हणते. तांब्याचं भांडं घडलं की शेवटी त्याच्यावर हातोडीनं बारीक ठोके देतात, एकाशेजारी एक, ओळीनं. त्याला मठारणं म्हणतात. त्यानं भांड्याला बळ येतं, झळाळी येते. आप्पांची ओळ कधी चुकायची नाही. आणि स्वभाव? त्यांच्या ऐरणीसारखा! तुमच्यातही आहेत तसले. बघा, बायका कशा हसतायत.

त्यांना एकच मुलगा, अवधूत. हातात कला होती, पण हात डावा. आप्पांनी लहानपणी तो सुतळीनं बांधून पाहिला. सुतळी सुटली की हातोडी पुन्हा डाव्या हातात. देवानं दिलेला हात तो, सुतळीला काय ऐकतोय?

अवधूत पंचविशीचा झाला, तेव्हा देवळाच्या कळशाचं काम आलं. आप्पा तापानं अंथरुणावर. पोरानं एकट्यानं कळश घडवला, मठारला आणि बापाच्या उशाशी आणून ठेवला. आप्पांनी उचलला, फिरवला. ठोक्यांच्या ओळी उलट्या अंगानं चढत होत्या. डावखुरा माणूस भांडं उलटं फिरवतो ना, म्हणून.

"देवाच्या भांड्याला डावा हात लावलास?"

"आप्पा, एकदा नीट बघा तरी."

बघतात कुठले! तसल्या तापात उठले, ऐरणीपाशी बसले आणि पोराची एकेक ओळ आपल्या हातानं ठोकून मोडली. दुपारभर तेच. अवधूत दारात उभा राहून बघत होता. आप्पांनी कळश पुसून वर पाहिलं, तेव्हा दारात कुणी नव्हतं.

अकरा वर्षं, मंडळी. ना पत्र, ना फोन. आईनं दाराकडे बघत बघत डोळे मिटले.

मग एक दिवस आप्पांना शहरातून बोलावणं आलं. हस्तकलेचं प्रदर्शन, नव्या जमान्याचं! बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीत भरवलेलं. टोपली बघायला तिकीट, रांजण बघायला तिकीट. एक मुलगी लोकांना गटागटानं हिंडवून माहिती सांगते, दुपारी व्याख्यानं, संध्याकाळी गाणंबजावणं. तुमच्या आजीचा पाटा-वरवंटा तिथं दिव्याखाली ठेवला, तर तुम्हीही लांबून हात जोडाल! आप्पांचं व्याख्यान होतं. विषय दिला होता, 'तीन पिढ्यांचा एक हात'.

व्याख्यानाला वेळ होता, म्हणून आप्पा एका गटाच्या मागे मागे निघाले. माहिती सांगणारी मुलगी होती ऋजुता. दालनाच्या मधोमध तांब्याचं घंगाळ ठेवलेलं, माणूस आत बसेल एवढं. "यावरचे ठोके पाहा," ती म्हणाली. आप्पांना पुढचं ऐकू आलं नाही. ओळी उलट्या अंगानं चढत होत्या.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. हात लावू नये, असं शेजारी लिहिलं होतं. आप्पांनी हात लावला.

"आजोबा, प्लीज, हात नका लावू."

"हे कुणी केलं?"

"अनाम कारागीर. पाटीवर तसंच आहे बघा."

"अनाम कशाला असेल? अवधूत प्रभाकर वडके. माझा मुलगा आहे तो."

ऋजुतानं गटाला पुढच्या दालनात पाठवलं आणि आप्पांना बाकावर बसवलं. मग तिनं सांगितलं ते असं. अवधूत काल सकाळपर्यंत इथंच होता. लोकांना मठारून दाखवायचा. काल व्याख्यानांचा फलक लागला. त्यानं तो वाचला, हातोड्या पिशवीत भरल्या आणि जाताना घंगाळाच्या पाटीवरचं आपलं नाव काढायला लावलं.

"मी म्हटलं, वडील ओळखतीलच की. तर म्हणाला, नाव काढा म्हणजे झालं. ते नाही ओळखणार. माझ्या कामाकडे त्यांनी कधी बघितलेलंच नाही."

काय म्हणाला? ते नाही ओळखणार! आणि बापानं एका नजरेत ओळखलं हो. कसं ओळखलं? ज्या ओळी मोडायला दुपार घालवली, त्या ओळी अकरा वर्षं डोळ्यांसमोरून हलल्या नव्हत्या. पोराला ते सांगणार कोण? ऋजुतानं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. पत्ता तिच्याकडे नव्हता.

व्याख्यानाची वेळ झाली. आप्पा उभे राहिले. लिहून आणलेला कागद खिशातच राहिला. म्हणाले, "मी माझ्या मुलाचं काम मोडलं. चांगलं होतं ते. माझ्यापेक्षा चांगलं होतं." एवढं बोलून बसले. आणि लोकांनी काय केलं असेल? टाळ्या वाजवल्या! म्हाताऱ्याचा विनय वाटला त्यांना. एका बाईंनी विचारलं, तांबं काळं पडू नये म्हणून काय लावायचं? चिंच लावा, आप्पा म्हणाले.

संध्याकाळी गाणं झालं. चांगलं झालं म्हणतात. आप्पा खुर्चीवर बसले नाहीत. घंगाळाला तळहात टेकवून उभे होते. तबल्यावर थाप पडली की तांबं आतून थरथरायचं. गाणं संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही, आणि ऋजुतानं काढायला सांगितलं नाही.

गावी आल्यावर त्यांनी देवळाला दुसरा कळश करून दिला आणि हा मागून घेतला. माझ्याकडे घेऊन आले. "बुवा, हा घेऊन गावोगाव सांगा. नावानिशी सांगा. माझी लाज राखू नका. कुठंतरी त्याच्या कानावर जाईल." चार वर्षं सांगतोय, मंडळी. अजून कुणी उठून उभं राहिलं नाही.

गेल्या साली आप्पांचं उजवं अंग गेलं. आता डाव्या हातानं जेवतात. देवाला फूलही डाव्या हातानंच वाहतात. देवानं ते कधी परत केलेलं नाही.

आता तुमच्याकडे वळतो. पोरीची रांगोळी पुसून 'अशी काढायची' म्हणून पुन्हा कुणी काढली? सुनेनं थापलेली भाकरी परातीत मोडून परत कुणी थापली? मान खाली कुणी घातली, ते मला इथून दिसतंय. घरी जा आणि आधी बघा. नुसतं बघा.

आरतीनंतर पुढं या. या कळशाच्या काठाखाली, वळणात, बोट फिरवा. तिथं आप्पांची हातोडी पोचली नाही. दोन ओळी उरल्यात, उलट्या चढणाऱ्या. आणि कुठल्या बाजारात, कुठल्या प्रदर्शनात डावखुरा तांबट भेटला, तर एवढा निरोप द्या — नाव नव्हतं, तरी तुझ्या बापानं ओळखलं.

उचला टाळ. नाम घेऊ, पण आज हळू घेऊ.