मेकअप कुणी केला?

(दुपार. ताई फोटो-स्टुडिओच्या मागच्या खोलीत, लग्नाचे व्हिडिओ जोडते त्या कॉम्प्युटरसमोर. तिचा मावसभाऊ, ज्याला घरात सगळे 'डायरेक्टर' म्हणतात, स्वतःच्या घरी शूटिंगवर. फोन चालू आहे.)

ताई : ...नाही, तुझ्या सिनेमातलं ते वटवाघूळ मी काढणार. दोरा दिसतोय.

डायरेक्टर : दिसू दे गं. त्यातच तर गंमत आहे.

ताई : अरे, दोऱ्याला मारलेली गाठसुद्धा दिसतेय.

डायरेक्टर : आपण लहानपणी कसले भुताचे सिनेमे बघायचो ते आठव. राक्षसाच्या पाठीला चेन. पुठ्ठ्याची कबर, वाऱ्याने हलणारी. तीन बायका आणि तिघींची किंकाळी एकच. तरी तू माझ्या पांघरुणात घुसायचीस.

ताई : तू माझ्या पांघरुणात घुसायचास. इतिहास बदलू नकोस.

डायरेक्टर : बरं, मी. पण का? हसून हसून पोट दुखायचं आणि मधेच एखादा शॉट असा यायचा की हसू घशातच अडकायचं. मोठ्या सिनेमात भीतीसुद्धा मोजूनमापून. इथे पैसेच नाहीत, दुसरा टेक कुठून घेणार? जे घडलं ते तसंच राहतं.

ताई : ती जिन्यावरून पडणारी बाई.

डायरेक्टर : तीच! पडते, मान वळते आणि उठतच नाही. कॅमेऱ्यामागून कुणीतरी धावायला निघतो, त्याची सावली भिंतीवर येते आणि शॉट संपतो. कोण ठेवेल असला शॉट? आपण टेप झिजवली त्याच्यापायी.

ताई : हं. पुढे त्या बाईचं काय झालं, ते मात्र कधी विचारलं नाही आपण.

डायरेक्टर : कुणाला विचारणार? नावंसुद्धा धड नव्हती त्यात. ते जाऊ दे. आजचं पाठवलेलं बघितलंस का, बाबांचं?

ताई : आता तेच लावलंय. डायरेक्टरसाहेब, मानलं तुम्हाला. जन्मभर 'हे धंदे बंद कर' म्हणणाऱ्या काकांना कॅमेऱ्यासमोर बसवलंत.

डायरेक्टर : मी नाही गं, ते स्वतःच म्हणाले. 'म्हाताऱ्याचंच काम आहे ना, मग बाहेरून म्हातारा कशाला आणतोस?' मी बाथरूममध्ये जाऊन रडलो, खरं सांगतो.

ताई : आणि बापाला काम काय दिलंस, तर मेलेल्याचं.

डायरेक्टर : मेलेला, पण घर न सोडणारा. मुलं वाटणीवरून भांडतायत, हा खुर्चीत बसून ऐकतोय, आणि कुणाच्या लक्षातच येत नाही की हा कधीचा गेलाय. मी सांगून ठेवलंय, बाबा, काही झालं तरी हलायचं नाही. एकच टेक.

ताई : बसलेत पण छान. आणि मेकअप... मेकअप कुणी केला रे?

डायरेक्टर : कसला मेकअप?

ताई : तोंडाचा. डावा गाल ओघळलाय, ओठाचा कोपरा खाली, डोळा अर्धवट. तुझ्या आजवरच्या सगळ्या भुतांत पहिल्यांदा काहीतरी बघण्यासारखं झालंय.

डायरेक्टर : पावडर लावलीय फक्त. आईची. आणि डोळ्यांखाली काजळ.

ताई : गाल चिकटपट्टीने ओढलायस ना?

डायरेक्टर : नाही गं, बाबाच करतायत ते! पार भूमिकेत शिरलेत. कप बघितलास? डाव्या हातातला कप सुटतो, माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं ते. चहा मांडीवर सांडतो आणि ते खाली बघतसुद्धा नाहीत. अंगावर काटा आला माझ्या.

ताई : चहा गरम होता?

डायरेक्टर : वाफ दिसायला हवी होती म्हणून...

ताई : थांब. सकाळची क्लिप लावते.

डायरेक्टर : आधी पुढचं वाक्य ऐक. 'माझी खोली कुणाला देऊ नका.' तर ते शब्द एकमेकांत कालवल्यासारखे येतात. डबिंगला कुणी काढून दिला असता असा आवाज?

ताई : सकाळी गाल सरळ आहे.

डायरेक्टर : तेव्हा नुसती तालीम होती.

ताई : मावशी कुठेय?

डायरेक्टर : तिला मामाकडे पिटाळलंय. शॉट चालू झाला की फिस्सकन हसते. का?

ताई : माझ्या सासूबाईंचं तोंड असंच झालं होतं. आम्हाला वाटलं, दाढ सुजलीय. अख्खी दुपार गाल शेकत बसलो आम्ही. त्या परत कधी नीट बोलल्या नाहीत.

डायरेक्टर : ताई, काहीतरी बोलू नकोस. अभिनय करतायत ते.

ताई : काकांना हसायला सांग.

डायरेक्टर : आत्ता? लाइट त्यांच्यावर लावून ठेवलाय, पुढच्या शॉटला...

ताई : म्हणजे अजून खुर्चीतच आहेत?

डायरेक्टर : उठले की फोकस सगळा परत लावावा लागतो. मीच म्हटलं, बसून राहा.

ताई : कप पडला तेव्हापासून?

डायरेक्टर : ...तेव्हापासून.

ताई : फोन स्पीकरवर टाक आणि त्यांच्याजवळ जा.

डायरेक्टर : त्यांनी पहिल्यांदा ऐकलंय गं माझं. आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, त्यांना आवडतंय.

ताई : कळतंय मला. जा तू.

डायरेक्टर : बाबा. बाबा, झालं हं. ताई फोनवर आहे, जरा हसून दाखवा तिला.

बाबा : हश...लो.

डायरेक्टर : तसं नाही, नीट. नेहमीसारखं.

बाबा : हश...लो की.

ताई : दोन्ही हात वर करायला सांग.

डायरेक्टर : बाबा, हात वर करा. हा नाही, तो पण. बाबा, तो पण! ताई, ते करतच नाहीयेत. मी उचलून धरला तर सोडल्यासोडल्या खाली पडतोय.

ताई : काही खायला-प्यायला देऊ नकोस. पाणीसुद्धा नाही. खुर्चीतून एकट्याने उचलू नकोस, मान धरून उभा राहा नुसता. मी दुकानाच्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावते. हा फोन ठेवू नकोस.

डायरेक्टर : बाबा, माझ्याकडे बघा. मांडी भाजलीय तुमची. बोलला का नाहीत? बाबा?

बाबा : पु...न्हा... कलू... का?

डायरेक्टर : नाही बाबा. पुन्हा नको. छान झालं. छान केलंत तुम्ही.

ताई : निघाले ते. आणि ऐक, तिकडची बाई विचारतेय, हे सुरू कधी झालं? अंदाजे चालणार नाही म्हणते. कुठलं औषध द्यायचं ते त्यावर ठरतं.

डायरेक्टर : मला काय माहीत! मी फोकस बघत होतो!

ताई : ओरडू नकोस, काका घाबरतील. क्लिपवर वेळ आहे, शोधते मी.

डायरेक्टर : कपापासून सांग त्यांना. कप पडला तेव्हापासून.

ताई : कपाच्या आधीच ओठ वाकडा झालाय. अजून मागे जाते. आवाज लावते थांब... हं. सापडलं. अकरा वाजून पस्तीस मिनिटं.

डायरेक्टर : नक्की का, ताई? चुकलं तर?

ताई : नक्की. कॅमेऱ्यामागून तू 'वा बाबा, वा' म्हणतोस ना, तिथे.