ड्रोनसाठी बोललेला नवस

अगं, नवस मी पुष्कळ बोलले, पण ड्रोनसाठी एकदाच. खारघरच्या टेकडीवर, वनखात्याच्या जंगलात, ह्यांचा नवाकोरा ड्रोन झाडीत पडला. शोधून सापडेना. हे धड जेवेनात. मी म्हटलं, "बाप्पा, तो परत येऊ दे, मोदक करीन."

दुसऱ्याच दिवशी दारात वनरक्षक, हातात ड्रोन! दसऱ्याला पूजा करताना मीच त्यावर घरचा पत्ता चिकटवला होता.

"काकू, हा तुमचा?"

"आमचाच हो! बाप्पा पावला!"

हे आतून नको नको म्हणून हात हलवत होते.

"मग काकांना बोलवा. जंगलात ड्रोनला बंदी आहे. हा जप्त केलाय, सही लागेल."

मोदक केलेच गं, बोललेलं फेडायला नको? तुझं काही हरवलं तर तूही नवस बोल. फक्त 'परत येऊ दे'च्या पुढे 'आणि घरातच राहू दे' एवढं आठवणीने म्हण.