गाडी गार आहे

लेक : नाही बाबा, सरळ चला. शब्द दिलाय तुम्ही मला.

बाबा : सरळच चाललोय. जरा हळू केलीय, एवढंच.

लेक : हळू तरी कशाला?

बाबा : पुढे कुणाचा तरी दिवा लुकलुकतोय. गाडी बंद पडलेली दिसतेय.

लेक : गाडी नाही, यान! आणि बंदबिंद काही पडलेलं नाही. सोंग आहे ते. जवळ गेलात की लुटारू बाहेर पडणार. तीनदा फसलात ना असेच?

बाबा : दोनदा.

लेक : तीनदा! पहिल्यांदा मदतीला गेलात, उडवलं. दुसऱ्यांदा गेलात, परत उडवलं. तिसऱ्यांदा म्हणालात, 'याचं बोलणं खरं वाटतंय.' त्यानं आधी सगळा माल उतरवून घेतला आणि मग उडवलं.

बाबा : तो तिसरा बोलायला फार गोड होता गं.

आई : काय चाललंय? पार स्वयंपाकघरात ऐकू येतंय. कोण उडालं?

लेक : अजून कुणी नाही. आई, तू ये आणि समजाव यांना. माझं ऐकतच नाहीयेत.

आई : माझं ऐकतात होय? भांडी घासतेय मी. आणि आधी मला कळू दे तरी, हे आहे काय. बारा दिवस बघतेय, चहाचा कप खाली ठेवला की बापलेक त्या पडद्यापुढे.

लेक : सोपं आहे. सुरुवातीला एक खटारा यान मिळतं. एका तळावर माल भरायचा, दुसऱ्या तळावर विकायचा. असं करत करत त्या दारापर्यंत पोचायचं. तो लांब निळा गोल दिसतोय ना, तेच दार. दारापलीकडे पहारा असतो, तिथं कुणी लुटत नाही. पण अलीकडचा हा सगळा पट्टा म्हणजे नुसते चोर. आणि यान फुटलं की खेळ संपला, पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक सगळे इथंच मरतात. मी स्वतः एकोणीस वेळा मेलेय.

आई : शुभ बोल की जरा.

लेक : आणि हे बारापैकी दहा दिवस एकाच यानावर जिवंत आहेत, आई! ऑफिसात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. माझा साहेब म्हणाला, 'तुझे वडील नक्की खेळतात तरी कसे?'

बाबा : त्यात काय एवढं? सगळे औषधं नाहीतर हत्यारं भरतात. मी खत भरतो. खत लुटायला कोण येतंय?

लेक : अख्ख्या खेळात कुणी खत भरत नाही गं.

बाबा : भाडं थोडं, पण रोजचं. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. आणि निघायच्या आधी खाली उतरून गाडीला एक चक्कर मारायची. झालं.

लेक : चक्कर तर बघच. प्रत्येक तळावर यानाभोवती पूर्ण फेरी मारतात. त्यासाठी वेगळं बटण आहे, मला एकोणीस मरणांत त्याचा पत्ता नव्हता. परवा पोटाखाली भेग सापडली. तसेच निघालो असतो तर वाटेत तुकडे झाले असते.

आई : लग्न लागलं त्या दिवशी मी आत नटूनथटून बसलेली, आणि हे खाली वाकून टायर वाजवून बघतायत. सगळे हसले.

बाबा : पंक्चर निघालं की नाही?

आई : निघालं.

बाबा : मग?

लेक : बाबा, तुम्ही परत हळू केलीत.

बाबा : क्लीनरनं एवढं बोलायचं नसतं.

लेक : बोलणार! आई, यांनी काय ठरवलंय माहितीये? ही शेवटची गाडी. ही गेली तर म्हणतात, 'तुझं डबडं उचल आणि घेऊन जा, मी परत हात लावणार नाही.' आणि मी तर उद्या परत नोकरीवर निघालेय.

आई : असं म्हणालात? अहो, मग बोटांचं काय? ती व्यायाम शिकवणारी बाई परवा काय म्हणाली, ऐकलंत ना? झटका आल्यापासून पाच महिन्यांत हलला नाही तेवढा उजवा हात या बारा दिवसांत हलला. तिनं दिलेला चेंडू तर तुम्ही कपाटामागे टाकलात.

बाबा : चेंडू दाबत बसायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

आई : नाही, बाळं ऐकतात.

लेक : म्हणून म्हणते, थांबायचं नाही. दारात भरायचे पैसे जमलेत, टाकी भरलेली आहे, दार समोर दिसतंय. वीस मिनिटांचा रस्ता उरलाय, बाबा. इथवर मी कधी आलेच नाही.

बाबा : अगं, पण तो लिहितोय काय ते तरी वाच. मला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत.

लेक : 'तेल संपलं. एक तास झाला. कुणी आहे का? तीन जण न थांबता गेले.' हे सगळे असंच लिहितात.

बाबा : तीन जण न थांबता गेले.

लेक : शहाणे होते ते.

बाबा : चौतीस वर्षांत मी रस्त्यात बंद पडलेली एक गाडी तशीच सोडून गेलेलो नाही. तुझ्या आईला विचार. कधी नुसतं पाणी दिलं, कधी दोरी लावून ओढत नेली. न थांबता जातो तो ड्रायव्हर नसतो, नुसता गाडी चालवणारा असतो.

आई : आणि परवा वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूनं विचारलं, 'काका, तुम्ही काय करता?' तेव्हा काय म्हणालात? 'काही नाही. बसून असतो.'

बाबा : लायसन्स जमा केलं ना मी? मग काय सांगायचं होतं?

आई : मला जिन्यात उभं राहवलं नाही, एवढं कळतं मला.

बाबा : बरं, ते जाऊ दे. चिंगे, हा कोपऱ्यातला काटा कसला गं?

लेक : तो? समोरच्या यानाचं इंजिन किती तापलंय ते दाखवतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही.

बाबा : अरेच्चा! आणि हे तू मला आज सांगतेस?

लेक : का, काय झालं?

बाबा : अगं, बंद गाडीपाशी थांबलं की आधी बॉनेटला हात लावून बघायचं. तास झाला म्हणतोय आणि बॉनेट गरम, तर तो खोटं बोलतोय. इथं उतरून हात लावता येत नाही, म्हणून मी तीन वेळा गाढवासारखा नुसत्या बोलण्यावर गेलो.

लेक : तीनदा! कबूल केलंत.

बाबा : काटा वाच.

लेक : थांबा हं... शून्य. पार खाली टेकलाय.

बाबा : गाडी गार आहे. खरा आहे हा.

लेक : बाबा, सोंग घेणारेही इंजिन बंद करत असतील की.

बाबा : चोर इंजिन बंद करत नाही. त्याला पळायचं असतं. लावतो बाजूला.

लेक : अहो, पण अर्धं तेल त्याला दिलंत तर आपण दारापर्यंत जेमतेम पोचू!

बाबा : जेमतेम म्हणजे पोचू ना?

लेक : आणि तेल द्यायची नळी... बाबा, तिला दोन्ही हात लागतात. डाव्यानं यान स्थिर धरायचं आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं हा खटका दाबून ठेवायचा. चाळीस आकडे मोजून होईपर्यंत. मधे सुटला तर नळी तुटते, ठिणगी पडते आणि दोन्ही यानं जातात.

बाबा : उजव्या?

लेक : उजव्या. मी धरते खटका. तुम्ही फक्त डावा सांभाळा.

बाबा : क्लीनर स्टिअरिंगला हात लावत नाही.

लेक : बाबा, प्लीज. हे यान गेलं तर तुम्ही सगळंच सोडून द्याल. मी ओळखते तुम्हाला.

बाबा : गेलं तर गेलं. पण याला सोडून त्या दारातून गेलो ना, तर मग मला सांगायला खरंच काही उरणार नाही. आकडे कोण मोजतंय?

(आई पदराला हात पुसत येऊन खुर्चीमागे उभी राहते.)

आई : मी मोजते. कुठं बघायचं?

लेक : ती हिरवी पट्टी भरत जाईल, तिच्याबरोबर.

बाबा : दाबला.

आई : एक. दोन. तीन. चार.

लेक : छान. डावा थोडा वर घ्या. बास, बास, तिथंच ठेवा.

आई : नऊ. दहा. अकरा.

बाबा : त्याला लिही, हलू नकोस म्हणावं.

लेक : लिहिलं. 'हललो तर मरेन,' म्हणतोय.

आई : सोळा. सतरा.

बाबा : फार सावकाश मोजतेस तू.

आई : पट्टी काय माझ्या माहेरची आहे? एकोणीस. वीस.

लेक : बोट थरथरतंय, बाबा. मी वरून नुसतं टेकवते. दाबत नाही, खरंच.

आई : काही टेकवायचं नाही. मागे हो. तेवीस. चोवीस.

बाबा : बधिर व्हायला लागलंय.

आई : होऊ दे. ही जन्मली तेव्हा तार मिळाली आणि अठरा तास एकट्यानं गाडी हाकत आलात. तेव्हा नाही झाले हात बधिर? सत्तावीस.

बाबा : झाले होते. हिला घेताना भीती वाटत होती, पडेल हातातून म्हणून.

आई : पडली का?

बाबा : नाही.

आई : मग? एकतीस. बत्तीस.

लेक : आई, पट्टी लाल होतेय थोडी...

आई : तू पट्टीकडे बघू नकोस, बापाकडे बघ. पस्तीस. अहो, जरासंच राहिलंय. छत्तीस. सदतीस. अडतीस.

बाबा : मोज गं लवकर!

आई : एकोणचाळीस. चाळीस!

लेक : झालं! झालं बाबा! भरलं! सोडा आता!

बाबा : सुटत नाहीये.

लेक : काय?

बाबा : बोट सुटत नाहीये. हसताय काय? उचला कुणीतरी.

आई : आणा इकडे. केवढं गार पडलंय! बघ गं, पाच महिने हे बोट चमचा धरत नव्हतं, आणि आता सोडायला तयार नाही.

लेक : मी रडत नाहीये. डोळ्यात काहीतरी गेलंय.

बाबा : दोघींच्या एकदमच गेलं वाटतं? चिंगे, मागे बघ. ते दोन लाल ठिपके कसले?

लेक : अरे देवा. लुटारू! थांबलेले दिसलो ना आपण त्यांना. पळा, बाबा!

बाबा : पळायचं नाही. पळालो तर तेल पुरणार नाही. त्या पोराला लिही, गाडी माझ्या बाजूला लावून चाल. दोन गाड्या मिळून चालल्या की कुणी चटकन आडवं येत नाही.

लेक : लिहिलं. येतोय... आला. आपल्या बरोबरीनं चाललाय.

आई : ते लाल ठिपके जवळ येतायत.

बाबा : येऊ देत. बघतील, मोजतील आणि जातील. भरलेल्या खताच्या गाडीसाठी दोघांशी कोण लढत बसतंय?

लेक : ...वळले. बाबा, खरंच वळले! आई, बघ!

आई : बघतेय. ओरडू नकोस कानात.

लेक : पण तेल! काटा अगदी तळाला आलाय. पुरणार नाही हो.

बाबा : इथं एकदा ढकललेली गाडी आपोआप थांबत नाही असं तूच म्हणालीस ना पहिल्या दिवशी?

लेक : हो. अवकाश आहे ना. अडवायला काही नाही.

बाबा : मग इंजिन कशाला जाळायचं? बंद करतो. नाक नीट दाराकडे आहे, वेग आहे. जाईल आपली आपण. तेल राहू दे, दारात ब्रेक लावायला लागेल.

लेक : बाबा, मी एकोणीस वेळा मेले, तेव्हा तुम्ही कुठं होतात?

बाबा : या खुर्चीत बसून होतो. तू विचारलं नाहीस.

आई : तो निळा गोल केवढा मोठा झाला!

लेक : हळू... ब्रेक... पैसे गेले... आत! आत आलो! बाबा, आपण आत आहोत! थांबा, मला फोटो काढू दे. तुम्हीही या ना पडद्याबरोबर. ऑफिसातल्या सगळ्यांना पाठवते. साहेबाला आधी.

बाबा : तो पोरगा आला का आत?

लेक : आला. तुमच्या मागोमाग.

बाबा : हं. मग ठीक आहे.

आई : उद्या ही गेली की ते डबडं इथंच राहणार, काय?

बाबा : राहू दे. जागा फार खात नाही.

लेक : बाबा, तो लिहितोय. 'मी अकरा वेळा मेलो होतो. कुणीच थांबत नाही इथं. तुम्ही का थांबलात?' आणि विचारतोय, 'पुढचा रस्ता मला माहीत नाही, तुमच्या मागून येऊ का?' आणि... 'तुम्ही एरवी काय करता?'

आई : सांगा आता.

लेक : मी लिहू का काहीतरी?

बाबा : मी सांगतो तेच लिही. ड्रायव्हर आहे म्हणावं. आणि मागून यायचं तर ये, पण अंतर ठेव.